काचेच्या पेटीतील बाळ आणि दाराबाहेरचे आईबाप

(आपल्या चर्चच्या महोत्सवी वर्षात, कुटुंबदिनाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवसमितीने गेल्या महिन्यात मजकडे एक साधे काम सोपविले. आपल्या धर्मग्रामात आजवर किती बालकांस स्नानसंस्कार मिळाला, त्याची संख्या स्मरणिकेत छापावयाची होती. ती नोंदवह्यांवरून मोजून द्यावी, एवढेच. तीन रात्री मी ते काम करीत बसलो. जुन्या वह्यांची पाने पिवळी पडली आहेत, काही ठिकाणी वाळवीने समास खाल्ला आहे, आणि माझ्या पूर्वीच्या धर्मगुरूंची अक्षरे एकाहून एक निराळी आहेत. संख्या मी समितीस दिली आहे. परंतु मोजता मोजता एका गोष्टीकडे माझे लक्ष गेले. स्थळाच्या रकान्यात बहुतेक सर्वत्र 'चर्चमध्ये' असे लिहिलेले आहे; मधूनच 'घरी, मरणसंकटात' असे येते; आणि अलीकडच्या वह्यांत 'रुग्णालयात' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. अशा दोन नोंदी माझ्या स्वतःच्या हातच्या आहेत. त्या लागोपाठच्या आहेत, एकाच तारखेच्या आहेत व एकाच आईबापांच्या नावाच्या आहेत. त्यांच्यापाशी मी थांबलो, आणि त्या रात्री पुढे मोजणे झाले नाही.

आज कुटुंबाविषयी बोलावे अशी समितीची आज्ञा आहे. मी त्या दोन नोंदींविषयी बोलणार आहे. त्या दांपत्याची अनुमती मी घेतली आहे. त्यांची नावे मी सांगणार नाही, आणि तुम्हांपैकी ज्यांस ती ठाऊक असतील त्यांनी आजच्या दिवस ती उच्चारू नयेत, अशी विनंती आहे.

२०१८ सालच्या मे महिन्यातील ही हकीकत. नागपूरचा मे महिना तुम्हांस सांगावयास नको. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावे लागते. ती बाई गर्भवती होती, पोटी जुळी होती, आणि दिवस भरावयास अजून अकरा आठवड्यांचा अवकाश होता. संध्याकाळी डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. रुग्णालयात नेले तो रक्तदाब भलताच चढलेला. पहाटे शस्त्रक्रिया करून दोन्ही बालके बाहेर काढावी लागली. मुलगी ११५० ग्रॅम, मुलगा ९०० ग्रॅम. ग्रॅमच्या आकड्याने माझ्या डोळ्यांपुढे काही उभे राहिले नाही. तेव्हा बाप मला म्हणाला, "फादर, दुकानात साखरेची एक किलोची थैली भेटते ना जी, तिच्याहून हलका आहे पोरगा."

गर्भाचे दिवस चाळीस आठवड्यांचे धरतात, आणि सदतीस पूर्ण होण्यापूर्वी जे मूल जन्मते त्यास अकाली जन्मलेले म्हणतात. हे काही क्वचित घडणारे अरिष्ट नव्हे. २०२० ह्या एका वर्षात साऱ्या जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली, व त्यांतील ३० लाखांच्या आसपास आपल्या हिंदुस्थानात. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. म्हणजे आज ह्या सभेत जे बसले आहेत त्यांतील कित्येकांच्या घरी ही वेळ येऊन गेली असेल, आणि ते त्याविषयी बोलत नसतील. बोलत नाहीत ह्याचे कारणही मला माहीत आहे. आपल्याकडे असे मूल झाले की पहिला प्रश्न आईस विचारला जातो: तू काय खाल्लेस? पपई खाल्लीस काय? जिने चढलीस काय? ग्रहणात बाहेर पडली होतीस काय? ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतून ग्रहणाची चौकशी होते, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. जुळे असणे, रक्तदाब, जंतूंचा संसर्ग, अंगात रक्त कमी असणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे ही कारणे डॉक्टर सांगतात, आणि अनेकदा तर काहीच कारण सापडत नाही. ह्या बाईच्या सासूबाईंनी तर आणखी एक सांगितले: सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. हे त्यांनी धीर देण्यासाठीच सांगितले, तथापि ते खरे नाही. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बालकाचे बळ वाढवितो. आठव्यातले मूल सातव्यातल्याहून अधिक सुरक्षित असते.

त्या कक्षात मी प्रथम गेलो तो दुसऱ्या दिवशी. पायांतील चप्पल काढावी लागली, कोपरापर्यंत हात धुवावे लागले, अंगावर हिरवा झगा घालावा लागला. वेदीवर जाण्यापूर्वी आम्ही हात धुतो व झगा घालतो त्याची मला आठवण झाली. आत पेट्यांची रांग होती. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन तापत होते, आणि येथे मात्र त्या लेकरांस ऊब मिळावी म्हणून यंत्रे चालू होती, कारण एवढ्या लहान देहावर चरबीचा थर नसतो व त्याची उष्णता क्षणात निघून जाते. नाकात नळी, पावलास तार, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि कातडी इतकी पातळ की आतील शिरा मोजाव्यात. एका पेटीवर कावीळ उतरण्यासाठी निळा प्रकाश सोडला होता आणि त्या बालकाच्या डोळ्यांवर पट्टी होती. मधूनच एखादे यंत्र ओरडे. परिचारिका धावत न जाता चटकन जाई आणि बालकाच्या तळपायास टिचकी देई. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, इतक्या लवकर आलेली बाळे श्वास घ्यावयाचे विसरतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते.

पेट्यांवर नावे नव्हती. आईचे नाव लिहून पुढे 'बाळ एक', 'बाळ दोन' असे लिहिलेले होते.

ह्या विद्येची प्रगती कोठून कोठे आली हे सांगावयाचे तर एकच उदाहरण पुरे. १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस पुत्र झाला, साडेपाच आठवडे अगोदर. वजन दोन किलोंहून अधिक होते. कॅथलिक घराणे, त्यामुळे रुग्णालयातच त्यास स्नानसंस्कार देण्यात आला व पॅट्रिक हे नाव ठेवण्यात आले. त्या काळच्या सर्वोत्तम रुग्णालयात त्यास नेले. पण त्याची फुप्फुसे उघडी राहत नव्हती, आणि दोन दिवस पुरते होण्यापूर्वीच ते बाळ गेले. जगातील सर्वांत बलाढ्य मनुष्य बाहेर उभा होता आणि त्याच्या हाती काही नव्हते. फुप्फुसे मिटू नयेत म्हणून जे औषध आज नळीवाटे देतात ते तेव्हा निघालेलेच नव्हते. आज नागपुरात हमालाच्या मुलासही ते मिळू शकते. पण दाराबाहेर उभे राहणे, ते मात्र तसेच आहे.

ह्या बापाचे उभे राहणे मी पाहिले आहे. बायको एका मजल्यावर, टाक्यांनी जायबंदी. लेकरे दुसऱ्या मजल्यावर. आणि हा दोहोंमध्ये. रात्री तो बोळात चादर टाकून पडे. आतून ध्वनिक्षेपकावर आईचे नाव पुकारीत. ते पुकारणे कधी औषध आणण्यासाठी असे, कधी कागदावर सही करण्यासाठी, आणि कधी वेगळ्याच कारणासाठी. कोणाचेही नाव आले तरी बोळातले सारे बाप एकदम उठून बसत. आई तिसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून वर आली. पेटीच्या बाजूस हात घालावयाचे भोक असते. तिने बोट आत घातले आणि मुलीने ते धरले. मुलाने धरले नाही. त्यास तेवढे बळ नव्हते.

आता माझी गोष्ट सांगतो. सेमिनरी हिल्सवर, सेंट चार्ल्स सेमिनरीत, आम्हांस दुःखाच्या गूढाविषयी पुष्कळ शिकविण्यात आले होते. त्यावर मी चांगला निबंध लिहिला होता. पहिल्याच भेटीत मी त्या आईच्या खाटेपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, धीर धर. ही देवाची इच्छा आहे." तिने मजकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "फादर, देवाची इच्छा म्हणता, तर मग लेकरं माझ्या पोटात अजून दोन महिने राहू द्यायची इच्छा नव्हती का जी त्याची?" मजपाशी उत्तर नव्हते. मी आशीर्वाद दिला व निघून आलो.

दुसरी चूक ह्याहून मोठी. बालक मरणसंकटात असेल तर विलंब न करता त्यास स्नानसंस्कार द्यावा, असे आपल्या ख्रिस्तसभेचे विधान आहे आणि ते मी तुम्हांस अनेकदा शिकविले आहे. मी त्या दिवशी विषय काढला. आईबापांच्या मनात होते की बाळे घरी आणावी, आजीने पांढरी झबली शिवली होती ती घालावी, आणि चर्चमध्ये सर्वांसमक्ष संस्कार व्हावा. डॉक्टर म्हणाले, प्रकृती सध्या स्थिर आहे. मी म्हणालो, बरे तर, वाट पाहू. मला त्यांचे मन मोडवले नाही. खरे सांगावयाचे तर त्या कक्षात पुन्हा जावयास माझेही मन घेत नव्हते.

पाचव्या रात्री मुलगा ढासळला. अडीच वाजता बापाने मला दूरध्वनी केला. पुन्हा केला. सात वेळा केला. माझा दूरध्वनी खाली कचेरीत, आवाज बंद करून ठेवलेला होता. मी वर पंख्याखाली झोपलो होतो.

आत डॉक्टर दोन बोटांनी त्या मुलाच्या छातीवर दाब देत होते. आईस दारापर्यंत आणले होते. आणखी जवळ जावयास जागा नव्हती व तिचे हातही थरथरत होते. तेव्हा बापास आठवले की विवाहाच्या तयारीच्या वर्गात फादरांनी सांगितले होते: गरज पडली तर कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो. पेटीपाशी एक परिचारिका होती. ती ख्रिस्ती नव्हती. आईने तिला हाक मारून सांगितले. परिचारिकेने डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी मान हलविली. तिने शुद्ध केलेले पाणी नळीत घेतले, ते गार होते म्हणून क्षणभर मुठीत धरून कोमट केले, आणि मुलाच्या कपाळावर तीनदा घातले. आई दारातून एकेक शब्द सांगत होती, आणि परिचारिका पाणी घालता घालता तो उच्चारीत होती. प्रथम मुलाचे नाव, मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पावणेपाचला मुलगा गेला.

सहाच्या मिस्सासाठी मी साडेपाचला खाली उतरलो तेव्हा दूरध्वनी पाहिला.

मी गेलो. त्या परिचारिकेस मी एकच प्रश्न विचारला, कारण तो विचारणे माझे कर्तव्य होते: पाणी घालताना तुमच्या मनात काय होते? ती घाबरली, आपण काही गैर केले असे तिला वाटले असावे. म्हणाली, "तुम्ही लोक लेकरासाठी जे करता तेच करायचं होतं मला. दुसरं काही मनात नव्हतं." बंधुभगिनींनो, धर्मशास्त्राच्या परीक्षेत ह्या प्रश्नाचे ह्याहून नेमके उत्तर मी कोणा विद्यार्थ्याकडून ऐकलेले नाही. ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू असावा, पाणी असावे व शब्द असावेत, एवढेच लागते. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने स्पष्ट सांगितले आहे की गरजेच्या वेळी ख्रिस्ती नसलेल्या मनुष्यानेही दिलेला स्नानसंस्कार खरा होय. त्यानंतर मी स्वतः हात धुऊन आत गेलो आणि मुलीस संस्कार दिला, त्याच परिचारिकेने कोमट करून दिलेल्या पाण्याने.

वहीत संस्कार देणाऱ्याचे नाव लिहावयाचा रकाना असतो. मुलाच्या नोंदीत मी त्या परिचारिकेचे नाव लिहिले आहे. पुढे धर्मप्रांताच्या कचेरीतून वह्या तपासावयास आलेल्या धर्मगुरूंनी त्या नावावर बोट ठेवून मजकडे पाहिले. मी हकीकत सांगितली. त्यांनी काही न बोलता खाली सही केली.

येथे थोडे थांबून मला काही मातांशी बोलावयाचे आहे. तुम्हांपैकी कित्येकींची बाळे कोणाचेही पाणी कपाळावर न पडता गेली. जुन्या काळी तुम्हांस अंधारी उत्तरे देण्यात आली. कोणाच्या बाळास पवित्र भूमीच्या कडेला जागा मिळाली, हे म्हाताऱ्या बायांनी मला सांगितले आहे. आज ख्रिस्तसभा त्या बालकांस देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, आणि २००७ साली रोममधील धर्मपंडितांच्या मंडळाने पुष्कळ विचारांती लिहिले की त्यांच्या तारणाविषयी आशा धरावयास भक्कम आधार आहे. ज्या आईबापांची स्नानसंस्कार देण्याची इच्छा होती, त्यांच्या बाळाचा अंत्यविधी महागुरुस्वामींच्या अनुमतीने चर्चमध्ये होऊ शकतो. ज्यांस ह्याविषयी माझ्याशी बोलावयाचे असेल त्यांनी यावे. वर्षे किती झाली ह्याचा विचार करू नये.

मुलाचे दफन त्याच दिवशी झाले. पेटी एवढीशी की खांदेकऱ्यांची गरज नव्हती; बापाने ती दोन्ही हातांवर धरून आणली. आई येऊ शकली नाही. त्या वेळी ती रुग्णालयात मुलीसाठी दूध काढीत होती, कारण दर दोन तासांनी ते काढावेच लागे. दूध दोघांचे उतरत होते, आणि पिणारे एक राहिले होते. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. तेव्हाही तिचा स्वर कोरडा होता.

ह्या दुधाविषयी मी थोडे अधिक सांगतो, कारण ते मलाही ठाऊक नव्हते. अकाली जन्मलेल्या बाळास प्रथम दोन मिलिलीटर, म्हणजे अर्धा चमचादेखील नव्हे, एवढे दूध नळीने देतात. ते आईचे असेल तर त्याचे आतडे सांभाळले जाते व जंतूंशी लढावयास बळ येते; ते काम डब्यातील दूध करीत नाही. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्या नवजात बालकांच्या डॉक्टरीणबाई होत्या. जंतुसंसर्गाने बाळे दगावत असलेली पाहून त्यांनी यंत्रांच्या मागे न लागता आईच्या दुधाचा आग्रह धरला, आणि १९८९ साली तेथे मातृदुग्धपेढी काढली. एका आईचे जास्तीचे दूध शुद्ध करून दुसरीच्या बाळास देणारी ही आशिया खंडातील पहिलीच पेढी. आपली बाई म्हणते की अशी सोय त्या वेळी जवळ असती तर मुलाच्या वाट्याचे दूध तिने कोणाला तरी दिले असते.

बाराव्या दिवशी तिला सांगण्यात आले की मुलीस उघड्या छातीवर, कातडीस कातडी लावून धरावयाचे. ती भ्याली. तारा, नळ्या, एवढासा जीव, आणि कुशीतला एक नुकताच गेलेला. त्याच परिचारिकेने मुलगी उचलून तिच्या छातीवर ठेवली आणि वरून लुगड्याने बांधली. थोड्या वेळाने परिचारिका म्हणाली, यंत्राकडे पाहा. श्वासाचा आकडा सुधारला होता. ती मला म्हणाली, "फादर, बारा दिवस मी तिथं पाहुणी होते जी. त्या दिवशी आई झाले."

ही रीत कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ साली डॉ. एदगार रेय यांनी सुरू केली. पेट्या कमी, बाळे फार. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन ठेवावी लागत, आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागे. तेव्हा त्यांनी आईलाच पेटी केले. म्हणजे गरिबीतून निघालेली ही युक्ती. पुढे दिल्ली व आफ्रिकेतील चार देश येथे मिळून मोठी परीक्षा करण्यात आली, तिचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या लहान बाळांत शंभरी बारा दगावली. आधी पेटीत ठेवून प्रकृती स्थिर झाल्यावर आईकडे दिलेल्यांत शंभरी जवळजवळ सोळा. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हाच मार्ग सर्व देशांस सांगितला.

आणि दूर कशास जावे? आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या जंगलात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांतील साध्या बायकांस शिकविले: बाळाचे वजन कसे करावे, त्यास उबदार कसे गुंडाळावे, श्वास अडला तर काय करावे, जंतुदोष कसा ओळखावा व इंजेक्शन कसे द्यावे. त्यांस ते आरोग्यदूत म्हणतात. तेथे पेट्या नव्हत्या, निळे दिवे नव्हते. पण त्या गावांतील नवजातांचे मरण निम्म्याहून अधिक घटले. हे १९९९ साली विलायतेतील 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि पुढे सरकारने आशाताईंकरवी ही पद्धत देशभर नेली. डॉ. अभय बंग यांनी वैद्यकीचे पहिले धडे आपल्या नागपुरातच गिरविले आहेत, हे तरुणांनी लक्षात ठेवावे.

आता माझ्या त्या पहिल्या वाक्याकडे परत येतो.

९ जानेवारी २०२१, शनिवार. आपल्यापासून दीड तासाच्या वाटेवर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजातांच्या अतिदक्षता कक्षास मध्यरात्रीनंतर आग लागली. आत सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्यांच्या माताही अशाच वेगळ्या दालनांत होत्या, बापही असेच बाहेर. लेकरू जगावे म्हणूनच त्यांनी ते त्या उबेच्या यंत्राच्या हवाली केले होते. पुढे चौकशी झाली आणि अग्निशमनाच्या व्यवस्थेतील उणिवा उजेडात आल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात झाशी येथे पुन्हा तसेच घडले.

भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि योगायोग असा की तो प्रभू येशूच्या स्नानसंस्काराचा सण होता. महामारीचे दिवस, तुम्ही मुखपट्ट्या बांधून, एकेका बाकावर दोघे-तिघे बसला होता. मी प्रवचन लिहिले होते. शनिवारी रात्री ते मी पुन्हा वाचले, आणि त्यात मला माझेच जुने वाक्य सापडले: देवाच्या इच्छेपुढे आपण नतमस्तक होऊ या. मी ते खोडले. ज्या वायरीकडे माणसाने पाहावयाचे होते आणि पाहिले नाही, तिचा ठपका मी देवावर ठेवू काय? हेरोदाने बेथलेहेमातील बाळे मारली. त्यांचा सण आपण दर २८ डिसेंबरास पाळतो. ती देवाची इच्छा होती असे ख्रिस्तसभेने कधी म्हटलेले नाही, हेरोदाची होती. जे मूल आपोआप लवकर आले त्याच्या बाबतीत तरी मला देवाचे मन कोठे कळले होते? खाटेपाशी मी ते वाक्य बोललो, कारण त्याने संभाषण संपत होते व मला घरी जाता येत होते. देवाची इच्छा काय असते ते मला एका परिचारिकेच्या मुठीत दिसले होते, पाणी कोमट होत असताना. मी मात्र ते ओळखावयास तीन वर्षे लावली.

मिस्सानंतर ती आई चर्चच्या आवारात उभी होती. मुलगी कडेवर होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "फादर, आज म्हणाला नाहीत." मी म्हणालो, "नाही." एवढेच आमचे बोलणे झाले.

मुलगी बावन्नाव्या दिवशी घरी आली होती, १८५० ग्रॅम वजनाची. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दोनदा झाली, कारण इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या नजरेस धोका असतो. ती निर्दोष निघाली. पुढे एका रविवारी तिला येथे आणून पवित्र तेलाचा अभिषेक, शुभ्र वस्त्र व मेणबत्ती हे राहिलेले विधी पूर्ण केले. आजीने झबली दोन शिवली होती. एक मुलीस घातले. दुसरे कोणी विचारले नाही, आणि आजीने दाखविले नाही. ती मुलगी आता शाळेत जाते, आणि आज ह्या मंडपात आहे. कोठे बसली आहे हे शोधू नये.

असो. मला जे मागावयाचे आहे ते आता मागतो. महोत्सवाच्या निधीतून घंटाघराची डागडुजी होणार आहे, ती व्हावी. त्याबरोबर मी आणखी एक काम योजिले आहे, त्यास पैसे फारसे लागत नाहीत. शहरातील रुग्णालयांत ज्यांचे बाळ असे काचेच्या पेटीत आहे, त्यांच्यासोबत रात्री बोळात बसावयास आपल्यातून रोज दोघे जण जातील. घर आपल्या धर्मग्रामाचे असो वा नसो, धर्म कोणताही असो. आत जावयाचे नाही. उपदेश करावयाचा नाही. पपईचा व ग्रहणाचा विषय काढावयाचा नाही. डबा न्यावा, चादर न्यावी, बाप औषध आणावयास गेला तर त्याचे सामान सांभाळावे, आईस दूध काढावयास आडोसा हवा असेल तर परिचारिकेस सांगून तो मिळवून द्यावा, आणि कोणी बोलले तर ऐकावे. स्नानसंस्काराचे शब्द सर्वांनी पाठ करावेत. ते छापलेल्या चिठ्ठ्या मी देईन. माझा दूरध्वनी आता रात्री उशाशी असतो, आवाज चालू ठेवून. तो न उचलल्यास सहायक धर्मगुरूंचा क्रमांक चिठ्ठीच्या मागे आहे.

नावे लिहावयाचा कागद मुख्य दाराशी, पवित्र पाण्याच्या पात्राजवळ ठेवला आहे. पहिली दोन नावे त्याच आईबापांची आहेत, शुक्रवारच्या रात्रीसाठी. मंगळवार व शनिवार अजून मोकळे आहेत.